चांदीच्या धांवा

मेथीची जुडी घेतांना मनुष्य फक्त मेथीच घेतो. ती कोणाच्या मळ्यांतली, कोणत्या गांवची, हें तो विचारीत नाहीं; पानें ताजीं आहेत, जुडी भरघोस आहे, एवढें पाहून पैसे मोजतो आणि चालूं लागतो. परंतु हाच मनुष्य घड्याळ घेण्यास गेला, मुलीच्या लग्नाचा शालू घेण्यास गेला, किंवा दैव अनुकूल असेल तर मोटार घेण्यास गेला, म्हणजे त्याचें वर्तन पालटतें. तेथें तो वस्तूच्या आधीं नांव विचारतो. आणि ज्या मानानें वस्तु महाग त्या मानानें नांवाचा वाटा मोठा. व्यापाराच्या परिभाषेंत हल्लीं ज्याला 'ब्रँड' म्हणतात आणि ज्याची प्रतिमा उजळ ठेवण्यासाठीं मोठमोठ्या कंपन्या पाण्यासारखा पैसा खर्च करितात, तें हेंच नांव. आमच्या वऱ्हाडांत त्याला अजून साधा मराठी शब्द चालतो. "त्याच्या मालाचं नाव हाये बाप्पा," असें कोणी म्हणालें कीं अर्धा सौदा झालाच म्हणून समजावें.

अमरावती ते अकोला हा रस्ता माझ्या पायांखालचा आहे. अमरावतीच्या एका महाविद्यालयांत मी गेलीं अठ्ठावीस वर्षें इंग्रजी शिकवीत आहें, आणि माझी धाकटी बहीण मूर्तिजापुराजवळच्या एका खेड्यांत दिलेली असल्यामुळें सणावाराला, पेरणीच्या वेळीं, कोणाचें कांहीं दुखलें-खुपलें तर, माझें तिकडे जाणें होतें. पूर्वी कित्येक वर्षें हा रस्ता असा होता कीं त्यावर कोणतीही मोटार सारखीच खडखडत असे. खड्ड्यांच्या दरबारीं उच्चनीच भाव नव्हता. पुढें २०२२ च्या जून महिन्यांत याच मार्गावर ७५ किलोमीटर लांबीच्या एका पदराचें डांबरीकरण सलग १०५ तास ३३ मिनिटांत पुरें झालें आणि त्याची नोंद गिनीज बुकांत झाली. रस्ता गुळगुळीत झाला आणि त्याबरोबर मोटारीमोटारींतला भेद दिसूं लागला. आतां माझ्या लहानशा मारुतीच्या शेजारून एखादी लांबलचक मोटार हूं कीं चूं न करतां पुढें निघून जाते, आणि तिच्या पाठीवरचें चिन्ह, तीन टोकांचा तारा किंवा एकमेकांत गुंतलेलीं चार वर्तुळें, तेवढें क्षणभर डोळ्यांसमोर राहतें. मोटारीचा रंग कोणता होता हें मागून कोणी विचारलें तर मला सांगतां येत नाहीं. चिन्ह मात्र अचूक सांगतां येतें.

माझी मारुती मीं कां घेतली याचा विचार केला तर मीही नांवच विकत घेतलें असें म्हणावें लागेल. १९८३ च्या डिसेंबरांत, जपानच्या सुझुकी कंपनीच्या सहकार्यानें, ती छोटी मोटार प्रथम या देशाच्या रस्त्यावर आली. आणि दहापंधरा वर्षांत तिनें मध्यमवर्गाच्या मनांत अशी समजूत रुजविली कीं, जपानी यंत्र म्हणजे सकाळीं किल्ली फिरवितांच सुरू होणारें यंत्र. बोनट उघडून आंतलें कांहीं ओळखावें इतकें ज्ञान मला कधींच नव्हतें. ज्याला वस्तूची पारख नाहीं त्याला नांवाचा आधार. जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञानें १९७० सालीं जुन्या मोटारींच्या बाजाराचें उदाहरण घेऊन एक निबंध लिहिला. त्यांतलें तत्त्व हेंच आहे. विकणाऱ्याला आपला माल कसा आहे हें ठाऊक असतें, घेणाऱ्याला नसतें. अशा बाजारांत वाईट माल चांगल्या मालाला हुसकून लावतो. आणि या अनर्थावर जे थोडे उपाय आहेत त्यांत लौकिक मिळविलेलें नांव हा एक. हें नांव म्हणजे हमी. पुढें २००१ सालीं अकरलॉफ यांस नोबेल पारितोषिकांत वाटा मिळाला.

वऱ्हाडांतला कापूसवाला शेतकरी हें तत्त्व अकरलॉफ यांचें नांव न ऐकतां जाणून आहे. मे महिना सरत आला कीं अकोल्याच्या बीजविक्रीच्या दुकानांपुढें कपाशीच्या एखाद्या विशिष्ट वाणासाठीं उन्हांत रांगा लागतात, हें दृश्य अलीकडच्या हंगामांत आम्हीं पाहिलेलें आहे. बीटी कपाशीला या देशांत २००२ सालीं परवानगी मिळाली. बोंडअळीला रोखणारीं जनुकें बहुतेक कंपन्यांच्या पाकिटांत एकाच उगमाचीं, आणि २०१६ पासून पाकिटाची कमाल किंमतही केंद्र सरकारनें ठरवून दिलेली. तरीही शेतकरी शेजारचें पाकीट घेत नाहीं, हव्या त्या नांवासाठीं ताटकळत उभा राहतो, प्रसंगीं चोरून जादा दामही मोजतो. शहरांतले लोक त्याला वेडा म्हणतात. मला तो वेडा वाटत नाहीं. सरकीचा दाणा हातावर घेऊन त्याच्या पोटांत काय आहे हें कोणालाच सांगतां येत नाहीं. तें कळतें बोंड फुटल्यावर, आणि तोंपर्यंत वर्ष हातचें गेलेलें असतें. गेल्या सालीं शेजाऱ्याच्या धुऱ्यापलीकडे कोणतें वाण उभें होतें आणि त्याला किती बोंडें धरलीं, हीच त्याची प्रयोगशाळा. तिनें दिलेलें नांव तो घट्ट धरून बसतो. अशा नांवासाठीं रांगेंत उभें राहणें म्हणजे अज्ञानाशीं केलेला शहाणपणाचा करार होय.

परंतु नांवाचें दुसरेंही एक काम आहे, आणि तें अगदीं निराळें आहे. हमीचें नांव घेणाऱ्याशीं बोलतें. हें दुसरें नांव पाहणाऱ्याशीं बोलतें. बियाण्याच्या पाकिटावरचें नांव शेतांत पेरणी झाली कीं फेंकून दिलें जातें. मोटारीच्या कपाळावरचें नांव रोज पुसून लखलखीत ठेवावें लागतें. थॉर्स्टीन व्हेब्लेन यानें १८९९ सालीं आपल्या ग्रंथांत दिखाऊ खर्चाची जी मीमांसा केली ती याच दुसऱ्या नांवाची. खर्च दिसला पाहिजे. दिसला नाहीं तर तो व्यर्थ गेला. लाखांची मोटार आणि कोटीची मोटार यांतला फरक चालविणाऱ्याला कळतो हें खरें आहे: बसावयास मऊ, वळणावर स्थिर, अपघातांत अधिक सुरक्षित. तरी फरकाच्या सगळ्या रकमेचा हिशेब तेवढ्यानें लागत नाहीं. उरलेली रक्कम पाहणाऱ्यांच्या डोळ्यांची किंमत असते.

नवल असें कीं, ज्या जपाननें आम्हांस भरंवशाची मोटार म्हणजे काय तें शिकविलें, त्या जपानांतही भरंवसा आणि प्रतिष्ठा हीं दोन नांवें वेगळीं पडलेलीं आहेत. माझा एक जुना विद्यार्थी नागोयाच्या बाजूस नोकरीला आहे. सुट्टींत तो घरीं येतो तेव्हां मी त्याला तिकडच्या चालीरीतींविषयीं खोदखोदून विचारतों. उत्तम मोटारी जगाला विकणाऱ्या त्या देशांत ऐपतदार मनुष्य स्वतःच्या प्रतिष्ठेसाठीं मात्र पुष्कळदां जर्मनीकडे वळतो. तेथेंही आपल्याप्रमाणेंच वाहनें डाव्या बाजूनें चालतात, म्हणून चालकाचें चाक उजवीकडे असणें सोयीचें. पण बरींच वर्षें तेथील हौशी मंडळींना डावीकडे चाक असलेलीच परदेशी मोटार हवी असे. पथकर भरण्याच्या जागीं शेजारच्या आसनावर ओणवें होऊन हात बाहेर काढावा लागे, पुढच्या वाहनाला ओलांडतांना समोरचें दिसत नसे. तरी तीच गैरसोय मोटार परदेशी असल्याची ग्वाही देई, आणि म्हणून ती हवीशी वाटे. आपल्याकडे उन्हाळ्यांत कोट घालून वरातीत घामाघूम होणाऱ्या नवरदेवाला हें समजावून सांगावें लागणार नाहीं.

१९८० नंतरच्या दशकांत जपानांत पैशाला पूर आला. तेव्हां बीएमडब्ल्यूची लहान मोटार टोकियोच्या रोप्पोंगी या विलासी वस्तींत इतकी बोकाळली कीं, लोक तिला थट्टेनें 'रोप्पोंगीची कोरोला' म्हणूं लागले. कोरोला ही टोयोटाची सर्वसामान्य कारकुनी मोटार. म्हणजे दुर्मिळ म्हणून घेतलेलें नांव सर्वांनीं घेतलें, आणि घेतां घेतांच त्यांतला दुर्मिळपणा संपला. प्रतिष्ठेच्या नांवाला हा शाप आहे. हमीचें नांव जितके लोक वापरतील तितकें बळकट होतें. प्रतिष्ठेचें नांव जितके लोक वापरतील तितकें झिजतें.

याहून बोधप्रद गोष्ट लेक्ससची. टोयोटा कंपनीनें १९८९ सालीं अमेरिकेंत लेक्सस या नव्या नांवानें उंची मोटारी विकण्यास आरंभ केला, कारण टोयोटा म्हणजे साधी, टिकाऊ, काटकसरी मोटार अशी तिकडे ख्याति होती आणि त्या ख्यातीवर श्रीमंतांचें मन बसेना. परंतु जपानांत तीच मोटार सेल्सिओर या नांवानें, टोयोटाच्या दुकानांतून, टोयोटाच्याच शिक्क्यानिशीं विकली जात होती. पुढें परदेशांतून लौकिक मिळवून लेक्सस हें नांव २००५ च्या ऑगस्टांत मायदेशीं आलें. पूर्वी वेगळ्या नांवांनीं विकल्या जाणाऱ्या मोटारींच्या नव्या आवृत्त्या आतां निराळीं, सजविलेलीं दुकानें आणि वाढलेल्या किंमती घेऊन उभ्या राहिल्या. गिऱ्हाईक आरंभीं बिचकलें. विक्री अपेक्षेइतकी झाली नाहीं. घरचा मुलगा बॅरिस्टर होऊन परत आला म्हणजे बाहेरचे लोक त्याला 'साहेब' म्हणतात, पण आळींतल्या म्हाताऱ्या बायका त्याला जुन्याच नांवानें हांक मारतात, तसा हा प्रकार. तीच धातु, तेच कारागीर, तीच निष्ठा. वर ओतलेल्या नांवाची किंमत वेगळी.

आणि त्याच जपानांत याच्या उलट टोंकाची एक मोटार आहे. टोयोटाची 'सेंचुरी' ही १९६७ पासून निघते आणि सम्राटाच्या घराण्याच्याही सेवेंत असते. तिच्यावर एका पौराणिक पक्ष्याचें चिन्ह असतें. आसनें चामड्यापेक्षां लोंकरी कापडाचीं पसंत केलीं जातात, कां कीं चामडें बसतांना कुरकुरतें. ती ओरडून कांहीं सांगत नाहीं. ज्याला ओळखावयाचें तो ओळखतो. खऱ्या प्रतिष्ठेला शेवटीं कुरकूरही खपत नाहीं असें दिसतें. पण त्या पायरीवर पोंचेपर्यंत मनुष्याला मधल्या साऱ्या पायऱ्या आवाज करीतच चढाव्या लागतात. टोयोटानें १९८३ सालीं आपल्या 'क्राऊन' मोटारीच्या जाहिरातींत 'कधीं ना कधीं क्राऊन' अशा अर्थाचें वाक्य घातलें होतें. नोकरींत पायरी-पायरीनें चढावें आणि मोटारही तशीच बदलीत जावें, हा त्या वाक्याचा मतलब. सबंध एका पिढीच्या महत्त्वाकांक्षेचा तो जिना होता.

नांवाचा महिमा किती निराधार गोष्टीवर उभा राहतो हें पाहावयाचें तर मर्सिडीज हें नांवच पाहावें. विसाव्या शतकाच्या आरंभीं एमिल येलिनेक नांवाचा एक धनिक व्यापारी डाइमलर कंपनीच्या मोटारी विकीत असे. त्याच्या हट्टावरून नव्या मोटारीला त्याच्या लहानग्या मुलीचें नांव मिळालें. आज अकोल्याच्या जिनिंगच्या आवारांत जें नांव आदरानें उच्चारलें जातें, तें मूळचें एका बापाच्या कौतुकाचें नांव आहे. तीन टोकांचा तारा त्यानंतर १९०९ सालीं नोंदला गेला. सव्वाशे वर्षांच्या चोख कामानें त्या नांवांत वजन आलें हें मान्य केलें पाहिजे. आरंभीं काम नांवाला वाढवीत होतें. आतां नांव कामाची किंमत वाढवितें.

आमचा वऱ्हाड यांत अगदींच नवखा आहे असें मात्र नाहीं. १८६१ ते १८६५ या काळांत अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें, तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांस मिळेनासा झाला, आणि इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या तेजींत मध्य प्रांतांतील कांहीं शेतकऱ्यांनीं चांदीचे फाळ केले आणि गाडीच्या चाकांना लोखंडाऐवजीं चांदीच्या धांवा चढविल्या, असा उल्लेख त्या काळच्या सरकारी लिखाणांत सांपडतो. मला ही गोष्ट फार आवडते. चांदी मऊ, खडकाळ वाटेवर ती झिजावयाचीच. चाक त्यानें जलद फिरत नाहीं, भार अधिक ओढला जात नाहीं. परंतु गाडी गांवांत शिरतांना लोक ओट्यावरून उठून पाहत असतील, आणि 'कोणाची गाडी?' म्हणून विचारीत असतील, यांत शंका नाहीं. युद्ध संपलें, भाव कोसळले. त्या धांवांचें पुढें काय झालें हें कोणी लिहून ठेविलेलें दिसत नाहीं. पण सावकाराच्या तिजोरीची वाट चांदीला नेहमींच ठाऊक असते.

चांदीच्या धांवांचें आधुनिक उदाहरण आमच्या शेजारीं मराठवाड्यांत घडलें. २०१० च्या ऑक्टोबरांत औरंगाबाद येथील (आतां छत्रपति संभाजीनगर) उद्योजक-व्यापाऱ्यांनीं एकत्र येऊन एकदम दीडशें मर्सिडीज मोटारी खरेदी केल्या. किंमत सुमारें ६५ कोटि रुपये. शहराचें नांव व्हावें, त्याच्याकडे साऱ्यांनीं मागासलेलें म्हणून पाहूं नये, असा त्यामागें भाव होता. नांव झालेंही, देशभर वर्तमानपत्रांतून छायाचित्रें झळकलीं. त्याच वर्षीं डिसेंबरांत पत्रकार पी. साईनाथ यांनीं 'द हिंदू' या दैनिकांत या खरेदीच्या दुसऱ्या बाजूकडे लक्ष वेधलें. या मोटारींसाठीं सरकारी मालकीच्या स्टेट बँकेनें चाळीस कोटींहून अधिक कर्ज दिलें आणि त्याचा व्याजदर ७ टक्के होता. त्याच जिल्ह्यांतील एका आदिवासी शेतकरी बाईनें २००५ सालीं ट्रॅक्टर घेतला त्यावर व्याज १५.९ टक्के होतें. मोटार बैठकीला घेऊन जाते, ट्रॅक्टर जमीन नांगरतो. पैसा मात्र बैठकीच्या मोटारीला अर्ध्याहून कमी दरानें मिळाला. म्हणजे नांवाला भुलणारा केवळ गिऱ्हाईकच असतो हें खरें नव्हे. ज्याचा धंदाच मुळीं पारख करण्याचा, तो कर्ज देणाराही नांव वाचूनच दर ठरवितो.

हा प्रश्न पुस्तकांतून उठून माझ्या घरांत आला तो माझ्या भाच्यामुळें. अकोल्याजवळ त्याचें जिनिंग आहे. कापूस घ्यावयाचा, रुई व सरकी वेगळी करावयाची, गाठी बांधून दक्षिणेकडच्या गिरण्यांना पाठवावयाच्या, आणि पैसे येईपर्यंत उधारीच्या दोरीवर चालत राहावयाचें, असा तो धंदा. त्याला जर्मन मोटार घ्यावयाची होती आणि आरंभींची रक्कम उभी करण्यासाठीं मूर्तिजापुराकडची विहिरीखालची तीन एकर ओलिताची जमीन विकावयाची होती. जमीन माझ्या बहिणीच्या नांवावर. मेहुणे जाऊन सात वर्षें झालीं. त्या तीन एकरांनींच तिनें दोन मुलें शिकविलीं. तिनें मला निरोप धाडला: "दादा, तू त्याले समजाव. तुयं आयकते तो."

मी गेलों. भाच्यानें मला आपल्या कचेरींत बसविलें, चहा मागविला, आणि मीं तोंड उघडण्यापूर्वीच म्हणाला, "मामा, आईनं पाठवलं ना तुमाले? आयका माह्यं. तुमच्या नावाच्या आंधी 'प्राध्यापक' लागते. तुमी सायकलीवर गेले तरी लोक उठून उभे राह्यतात. माया नावाच्या आंधी काय हाये? मले ते बोनटावर लावा लागते."

मी पंचवीसतीस वर्षें अलंकार शिकवितों. परंतु इतका नेमका अलंकार मला वर्गांत क्वचितच ऐकावयास मिळाला असेल. तो पुढें बोलत राहिला. बाहेरगांवचा व्यापारी गाठींचा सौदा करण्यास येतो तेव्हां आधीं आवारांत उभी असलेली मोटार पाहतो. मग गाठी पाहतो. एकदां एका बड्या व्यापाऱ्याला आणावयास तो आपल्या जुन्या मोटारीनें स्टेशनावर गेला. त्या मनुष्यानें वाटेंत उधारीची मुदत पन्नास दिवसांवरून वीस दिवसांवर आणली. दुसऱ्या जिनिंगवाल्याचा माल याच्याहून हलका, पण त्याच्या दारांत तारा उभा. त्याला मुदत साठ दिवसांची. "मामा, गाडी म्या मायासाठी नाई घेऊन राह्यलो. पाहणाऱ्यासाठी घेऊन राह्यलो. पाहणारा बदलवा, मी उद्या दमणीतून हिंडतो."

दमणी हा शब्द शहरांतल्या वाचकांस कदाचित् अपरिचित असेल. बसावयाची हलकी, वेगवान बैलगाडी ती दमणी. माझ्या आजोबांच्या काळीं गवळाऊ बैलांची जोडी जुंपलेली दमणी हीच आमच्याकडची मर्सिडीज होती, आणि सोयरीक ठरवावयास निघालेला गृहस्थ शेजाऱ्याची जोडी मागून आणण्यास कमीपणा मानीत नसे. तेव्हां पाहणारे नव्हते असें मी भाच्याला सांगूं शकलों नाहीं. एवढेंच म्हणालों कीं, उसनी जोडी संध्याकाळीं परत करतां येते. विकलेलें शेत परत येत नाहीं. तो गप्प राहिला. त्याच्या युक्तिवादांत खोट नव्हती. तो जो बाजार सांगत होता तो तसाच होता. परंतु त्यानें लावलेला हिशेब एकाच चोपडींतला होता, आणि घरांत दोन चोपड्या होत्या.

दुसरी चोपडी माझ्या बहिणीजवळ निघाली. तिनें सही करण्यास नकार दिला. रडारड नाहीं, रागावणें नाहीं. ट्रंकेंतून सातबाऱ्याचा उतारा काढून तिनें मुलापुढें ठेविला आणि म्हणाली, "तुले नाव पाह्यजे, मी समजते. पण मायं नाव ह्या एकाच कागदावर हाये. मायबापानं ठेवलेलं लग्नात गेलं, तुया बापाचं त्याच्यासंगं गेलं. हे मी पुसू देत नाई." आमच्या स्त्रियांचीं नांवें सातबाऱ्यावर चढणें ही सहज घडणारी गोष्ट नव्हे, कित्येक ठिकाणीं तें नांव चढतें तें विधवा झाल्यावर, आणि मुलें मोठीं झालीं कीं हळूच उतरविलें जातें. तिचा नकार ऐकल्यावर मला वाटलें, हमीचें नांव आणि प्रतिष्ठेचें नांव अशा ज्या दोन जाती मीं मनांत पाडल्या होत्या, त्यांत या नांवाला जागाच नाहीं. तें कोणाला दाखविण्यासाठीं नव्हतें, कोणाला विकण्यासाठींही नव्हतें. पेटींत घडी घालून ठेविलेलें तें नांव म्हणजे तिच्या पायांखालची जमीन होती.

भाच्यानें शेवटीं मोटार घेतली, पण जमीन न विकतां. सहा वर्षें जुनी, दुसऱ्याच्या हातची, नव्या किंमतीच्या कितीतरी कमी दामांत. दुरुस्तीसाठीं नागपूर गांठावें लागतें आणि एका किरकोळ भागाला माझा महिन्याचा किराणा येईल इतके पैसे पडतात. पण तारा नव्यासारखाच चकाकतो. व्यापारी मोटारीचें वय विचारीत नाहींत. उधारीची मुदत त्यानें म्हटल्याप्रमाणें वाढली हेंही मला प्रामाणिकपणें नमूद केलें पाहिजे. यंत्र सहा वर्षें झिजलेलें असूनही काम तेंच होतें, यावरून तें काम यंत्राचें नव्हतें, ताऱ्याचें होतें, हें सिद्धच झालें.

गेल्या हिवाळ्यांत आम्ही दोघे अमरावतीस एका लग्नाला गेलों. मी माझ्या मारुतीनें, तो आपल्या जर्मन मोटारीनें. फाटकावरच्या पोरानें मला हातानेंच दूरच्या धुळीच्या मैदानाकडे जाण्याची खूण केली. भाच्यासाठीं त्यानें धांवत येऊन दार उघडलें आणि मांडवाशेजारची जागा करून दिली. त्या पोराचा पगार दिवसाचा कांहींशें रुपये असेल. त्याला जर्मनी कोठें आहे हें बहुधा ठाऊक नसेल. परंतु टोकियोच्या, श्टुटगार्टच्या जाहिरातदारांचें काम तो बिनपगारी करीत होता. आंत गेल्यावर पाहिलें तों आम्ही प्राध्यापक, वकील, डॉक्टर मंडळी तेंच करीत होतों. "भाचा का तुमचा? वा!" हा 'वा' मला आजपर्यंत माझ्या शिकविण्याबद्दल मिळाला नव्हता तितक्या मोकळ्या मनानें मिळाला. तेव्हां भाच्याचें वाक्य पुन्हां आठवलें. मोटारीची किंमत घेणारा देतो खरी, पण ती ठरविणारे आम्ही, पाहणारे. आम्ही आमची मान जितकी वळवूं तितका तो आंकडा चढतो. दिखाऊपणाची निंदा करणारे लेख लिहिणें सोपें आहे. फाटकावर दुसऱ्याची मोटार आली असतां मान न वळविणें कठीण आहे.

आणि तें केवळ शिष्टाचाराचें कठीण नाहीं. ज्या मुलुखांत शेतकऱ्यानें कर्जापायीं जीव द्यावा अशा बातम्या दर वर्षी छापून येतात, तेथें कोणाला किती दिवसांची उधारी मिळते आणि कोणत्या व्याजानें मिळते हा जगण्यामरण्याचा प्रश्न असतो. चांगल्या गाठी बांधणाऱ्याला त्याच्या गाठींवर मुदत मिळावी, नांगरणाऱ्याला त्याच्या पिकावर पैसा मिळावा, एवढी पारख व्यापाऱ्याला, बँकेला आणि आम्हां मांडवांतल्या मंडळींना साधली, तर माझ्या भाच्यासारख्या होतकरू माणसाला आईच्या शेताकडे पाहावें लागणार नाहीं. पारख करणें श्रमाचें काम आहे. चिन्ह ओळखणें सोपें. आमचा आळसच चांदीच्या धांवा घडवितो.

यंदा मृगाच्या आधीं मी बहिणीकडे गेलों होतों. त्या तीन एकरांत तिला कपाशी आणि मधल्या ओळींत तूर पेरावयाची होती. कोणतें बियाणें घेणार म्हणून मीं विचारलें. तिनें क्षणाचाही विचार न करतां एका वाणाचें नांव सांगितलें, आणि तें मिळण्यासाठीं भाचा पहांटे पांचला अकोल्याच्या दुकानापुढें रांगेंत जाऊन उभा राहिला आहे असेंही सांगितलें. मोटार कोठें आहे म्हणून मीं सहज चौकशी केली. "ते घरीच हाये," ती म्हणाली, "तिकडं तिले कोन पाह्यते?"